क्वेरी फसली की नोंदच नाही?

पीएचपीच्या पानावर डेटा दिसेना झाला की साताऱ्या-सांगलीकडच्या नवशिक्या पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, कनेक्शन होत नाहीये." बहुतेक वेळा डेटाबेसशी कनेक्शन ठणठणीत असतं.

ते आधी उरकू, तुम्हाला ते येतंच. एरर १०४५ आला तर यूजरनेम-पासवर्ड बघा. १०४९ आला तर डेटाबेसचं नाव. २००२ आला तर सर्व्हर चालू आहे का आणि होस्ट बरोबर आहे का ते पाहा. तीच कनेक्शन फाइल वापरणारं दुसरं पान चालत असेल, तर पासवर्ड बदलत बसू नका.

खरा घोळ पुढे आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली मागणी, फसणं वेगळं आणि क्वेरी नीट चालून एकही ओळ न मिळणं वेगळं. मायएस्क्यूएलआयच्या (पीएचपीला मायएस्क्यूएल डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन) जुन्या वागणुकीत फसलेली सिलेक्ट, म्हणजे डेटा वाचणारी, क्वेरी 'फॉल्स' परत देते. ओळ न मिळालेली क्वेरी मात्र रिझल्ट ऑब्जेक्टच देते, त्यात ओळी शून्य असतात एवढंच. म्हणजे 'रिझल्ट आला का' एवढंच तपासलंत तर रिकामा निकालही 'हो' म्हणूनच पास होतो.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं हळदीच्या सौद्यांचं पान आहे. टेबलात कॉलमचं नाव 'दर', कोडमध्ये 'भाव'. क्वेरी फसली, एरर १०५४. पण लिहिणाऱ्याने फॉल्स आल्यावर छापलंय, "नोंद सापडली नाही." काउंटरवर शेतकरी उभा, हळद कालच विकलेली, आणि पान त्याला सांगतंय की तुमची नोंद नाही. दुकानदार वह्या चाळतो, एंट्री करणाऱ्या पोरीला बोल लावतो. चूक होती कोडमधल्या एका शब्दाची. हे मला अजिबात खपत नाही.

पीएचपी ८.१ पासून, म्हणजे २०२१ पासून, मायएस्क्यूएलआय अशा वेळी आपणहून एक्सेप्शन टाकतं, म्हणजे न पकडल्यास कोड थांबवणारा एरर. पीडीओ (डेटाबेस जोडायचा पीएचपीतला दुसरा मार्ग) ते २०२० च्या ८.० पासूनच करतं. जुन्या होस्टिंगवर असाल तर कनेक्शनच्या आधीच एरर रिपोर्टिंग स्ट्रिक्ट करा. आणि कृपा करून रिकामा कॅच ब्लॉक (एक्सेप्शन पकडणारा कोड) लिहू नका, तो एरर गिळून टाकतो. एरर लॉगमध्ये जाऊ द्या. स्क्रीनवर छापला तर टेबलांची नावं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात.

एरर नाही आणि ओळी खरंच शून्य आहेत? मग कोड सोडा, डेटा बघा. पानाने पाठवलेली किंमत (व्हॅल्यू) जशीच्या तशी घेऊन तीच क्वेरी थेट डेटाबेसवर, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये चालवा. आपल्याकडचा हमखास नमुना 'कऱ्हाड'. एकाने ते 'ऱ' घेऊन टाइप केलेलं असतं, दुसऱ्याने साधा 'र', हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखीच. पण लेंग्थ फंक्शन लावून बघा: यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे १८ बाइट, दुसऱ्याचे २१. कोलेशन (अक्षरांची तुलना करायचे नियम) बायनरी, म्हणजे बाइट जसेच्या तसे जुळवणारं, असेल तर ही दोन गावं वेगळीच ठरतात. कुणी 'कराड' लिहिलं असेल तर कोणतंच कोलेशन मदतीला येणार नाही. माझं मत पक्कं आहे: गावाचं नाव टाइप करायला देऊच नका. यादीतून निवडू द्या आणि टेबलात गावाचा आयडी ठेवा.

ग्रुप बाय नसलेली काउंटची (ओळी मोजणारी) क्वेरी नेहमी एक ओळ देतेच, तिथे ओळी मोजू नका, ओळीतला आकडा वाचा. अपडेटनंतर 'बदललेल्या ओळी शून्य' आलं तर जुनी-नवी किंमत सारखी होती का ते आधी बघा; मायएस्क्यूएल तशी ओळ बदललेली धरत नाही.