समुद्र पेटवायला आधी वीज लागते

२००७ साली अमेरिकेत जॉन कान्झियस नावाच्या एका गृहस्थाने टेस्ट ट्यूबमधलं खारं पाणी पेटवून दाखवलं होतं. माणूस रेडिओ-टीव्ही स्टेशनच्या धंद्यातला, स्वतःला ल्युकेमिया झालेला, आणि रेडिओ लहरींनी कॅन्सरच्या पेशी मारता येतील का यासाठी त्याने एक मशीन बनवलं होतं, त्याच मशीनने समुद्राच्या पाण्यातलं मीठ वेगळं काढता येतंय का हे बघताना लक्षात आलं की नळीच्या तोंडाशी ज्योत धरली तर ती जळतच राहते. पेन स्टेट विद्यापीठातले रुस्तम रॉय, मूळचे रांचीचे आणि मटेरियल सायन्समधलं मोठं नाव, त्यांनी स्वतः प्रयोग करून बघितला आणि हो, खरंच होतंय असं सांगितलं. मग काय, टीव्हीवाल्यांना आयतं खाद्य मिळालं, "आता पेट्रोलची गरज नाही" वगैरे. दर दोनेक वर्षांनी असलं काहीतरी "शेअर करा, तेल कंपन्यांना हे नको आहे" अशा मजकुरासह आपल्या फॅमिली ग्रुपवर येतंच.

प्रयोग खोटा नव्हता हं. रेडिओ लहरींनी पाण्यातून हायड्रोजन सुटत होता आणि तोच जळत होता. फक्त ते मशीन चालवायला जेवढी वीज लागत होती त्यापेक्षा ज्योतीतून मिळणारी उष्णता कमी होती, आणि ती कमीच असणार, कारण पाणी हे इंधन नाहीच मुळी. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून गेल्यावर उरलेली राख आहे. राखेतून परत लाकूड बनवायचं तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी तरी परत घालावी लागणार, वर थोडी वाया जाणार ती वेगळीच.

किती घालावी लागते ते आपल्या लाइट बिलाच्या भाषेत सांगतो. एक किलो हायड्रोजन जाळला की साधारण ३९ युनिट ऊर्जा मिळते (पाण्याची वाफ थंड करून तीही उष्णता वसूल केली तर, नाहीतर ३३). म्हणजे पाणी तोडून एक किलो हायड्रोजन काढायला कितीही भारी मशीन आणलं तरी ३९ युनिट ऊर्जा लागणारच, हा निसर्गाचा रेट आहे, त्यात घासाघीस नाही. आज बाजारात मिळणारे चांगले इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी तोडणारी मशीनं, ५० ते ५५ युनिट घेतात. पाण्यात वीज सोडून ते तोडण्याची आयडिया तशी जुनी, व्होल्टाने बॅटरी बनवल्याची खबर लागल्यावर १८०० सालीच लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून बुडबुडे काढले होते. तेव्हापासूनची सगळी धडपड वरचे १०-१५ युनिट वाचवण्याची आणि मशीन स्वस्त, टिकाऊ करण्याची आहे.

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन शिसपेन्सिली दोन्हीकडून टोकदार केलेल्या आणि वाटीभर मिठाचं पाणी, एवढं घेऊन खिडकी उघडी ठेवून कुणीही हे करून बघू शकतं. मायनसच्या पेन्सिलीवर बारीक बुडबुड्यांची दाटी होते, तो हायड्रोजन. प्लसच्या बाजूला ऑक्सिजन यायला हवा, पण नाक जवळ नेलंत (फार जवळ नको) तर स्विमिंग पूलचा वास येईल. तो क्लोरीन. पेन्सिलीऐवजी लोखंडी खिळे वापरलेत तर पाच मिनिटांत वाटीत तांबूस गाळ होतो, आणि तांब्याची तार वापरलीत तर पाणी हिरवट-निळं. म्हणजे प्लसच्या बाजूचा धातू अक्षरशः खाल्ला जातो.

असं का होतं? एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला १९ ग्रॅमच्या आसपास नुसता क्लोराइड असतो. प्लसच्या टोकाला दोन पर्याय असतात, पाण्यातून ऑक्सिजन काढायचा किंवा क्लोराइडमधून क्लोरीन. कागदावर ऑक्सिजन स्वस्त पडतो, त्याला १.२३ व्होल्ट पुरतात आणि क्लोरीनला १.३६. पण ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायला चार इलेक्ट्रॉन सोडवावे लागतात, मधल्या पायऱ्या किचकट, आणि क्लोरीनचं दोन इलेक्ट्रॉनमध्ये काम होतं, त्यामुळे प्रत्यक्षात क्लोरीन रांग मोडून पुढे घुसतो. आणि सगळाच क्लोरीन निघाला तर एका किलो हायड्रोजनमागे ३५ किलो क्लोरीन आणि ४० किलो कॉस्टिक सोडा. कॉस्टिक सोड्याचे कारखाने हेच करतात, त्यांना क्लोरीन विकायचाच असतो, हायड्रोजन हे त्यांचं जोडउत्पादन. पण देशाला लागणारा सगळा हायड्रोजन असा बनवायचा म्हटलं तर एवढ्या क्लोरीनचं करायचं काय? पहिल्या महायुद्धात जो वायू खंदकांत सोडला होता तोच हा, हवेत सोडून हात झटकता येत नाहीत.

मायनसच्या बाजूला वेगळीच भानगड. तिथे हायड्रोजन निघताना आजूबाजूचं पाणी अल्कलाइन (आम्लाच्या उलट, सोड्यासारखं) होत जातं आणि समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम त्या इलेक्ट्रोडवर (वीज पाण्यात सोडणाऱ्या टोकावर) पांढरा थर होऊन बसतं. गिझरच्या कॉइलवर जो जमतो त्याचाच भाऊबंद. थर चढला की वीज पोचत नाही.

यातला एक किस्सा फार लोकांना माहीत नसतो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच वीज केंद्रांत समुद्राच्या पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे वीज सोडून तोडणं, रोज चालू असतं! थंड करायला जे समुद्राचं पाणी पाइपमधून आत घेतात त्यात शिंपले, कालवं, शेवाळ चिकटून पाइप चोंदतात, म्हणून तिथेच समुद्राच्या पाण्यात वीज सोडून ब्लीचसारखं द्रावण बनवतात आणि पाइपात घालतात. त्यात हायड्रोजन निघतोच, पण तिथे तो नकोसा पाहुणा, स्फोट होऊ नये म्हणून भरपूर हवेत मिसळून बाहेर सोडून देतात.

मग गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी काय केलं? एक लाइन म्हणजे क्लोराइडला प्लसच्या टोकाजवळ येऊच द्यायचं नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाय यांच्या गटाने निकेलच्या फोमवर निकेल सल्फाइडचा आणि त्यावर निकेल-लोखंडाचा थर दिला, चालू असताना त्यात ऋण भाराचे थर तयार होतात आणि क्लोराइडही ऋणच, त्यामुळे तो ढकलला जातो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचं पाणी वापरून (त्यात वरून अल्कली घालून) हे इलेक्ट्रोड १००० तासांच्या वर टिकले, तो थर नसता तर बारा तासांत कारभार आटोपला असता. अल्कली घालण्यामागेही हिशोब आहे, पाणी पुरेसं अल्कलाइन असेल तर ऑक्सिजन काढणारी आणि क्लोराइडचं ब्लीच करणारी रिअ‍ॅक्शन यांच्यात साधारण अर्ध्या व्होल्टचं अंतर पडतं, आणि कॅटॅलिस्ट (काम लवकर उरकून देणारा इलेक्ट्रोडवरचा थर) चांगला असेल तर त्या अंतरातच काम उरकता येतं. आयआयटी मद्रासच्या भौतिकशास्त्रवाल्यांनीही अल्कलाइन समुद्रपाण्यावरच काम केलंय, कार्बनचा आधार असलेले इलेक्ट्रोड आणि मध्ये सेल्युलोजचा पडदा.

दुसरी लाइन मला जास्त आवडते, कारण त्यात मिठाशी भांडणच नाही. २०२२ च्या शेवटी चीनच्या शे हेपिंग यांच्या गटाने नेचरमध्ये एक रचना छापली. बाहेर समुद्र, आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं कडक द्रावण आणि मध्ये नॉनस्टिक तव्यावर जे टेफ्लॉन असतं त्याचाच बारीक छिद्रांचा पडदा. हा पडदा पाण्याला अडवतो पण वाफेला जाऊ देतो. आतलं द्रावण कडक असल्याने त्याच्यावरचा वाफेचा दाब समुद्रापेक्षा कमी, त्यामुळे समुद्रातून वाफ आपोआप आत येते आणि तिथे परत पाणी होते, मीठ राहतं बाहेर. आतलं पाणी तुटून संपत गेलं की द्रावण अजून कडक होतं आणि अजून वाफ ओढतं, पंप नको, व्हॉल्व्ह नको, कुणी लक्ष ठेवायला नको. लॅबमध्ये हे ३२०० तासांच्या वर चाललं, आणि २०२३ मध्ये फुजियानच्या किनाऱ्यावर तरंगत्या प्लॅटफॉर्मवर नेऊन वारा-लाटांतही चालवून बघितलं. शुद्ध पाण्यावर चालणाऱ्या व्यापारी मशीनकडून मात्र ६० ते ८० हजार तासांची अपेक्षा असते, तेव्हा अजून बराच पल्ला आहे.

आता जरा कडू बोलतो. एवढं सगळं करायची गरज आहे का? समुद्राचं पाणी आधी रिव्हर्स ऑस्मोसिसने (घरच्या आरओचीच पद्धत) गोडं करून घ्यायला हजार लिटरला ३ ते ४ युनिट वीज लागते. एका किलो हायड्रोजनला पाणी हिशोबाने ९ लिटर, प्रत्यक्षात धरा १५. म्हणजे गोडं करायचा विजेचा खर्च ०.०६ युनिट, आणि ते पाणी तोडायला ५२ युनिट. हजारात एक! सात रुपये युनिट धरलं तर पाण्याचे चाळीसेक पैसे आणि विजेचे साडेतीनशे रुपये. त्या चाळीस पैशांसाठी करोडोंचं मशीन क्लोराइडच्या तोंडी कोण देईल? फ्रान्सच्या ल्हाइफ कंपनीने २०२३ मध्ये अटलांटिकमध्ये किनाऱ्यापासून २० किलोमीटरवर एक मेगावॉटचा तरंगता प्लांट चालवला, त्यांनीही समुद्राचं पाणी आधी गोडं करूनच वापरलं.

आपल्याकडे एक भीती नेहमी बोलून दाखवतात की हायड्रोजन पिण्याचं पाणी पळवेल, आणि ज्या राज्यात २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तिथे ही भीती वाटणारच. पण आकडा बघा. सौर-पवनसारख्या विजेवर हायड्रोजन बनवायच्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं २०२३ मध्ये जाहीर झालेलं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. त्याला नऊ लिटरच्या हिशोबाने पाणी लागतं सुमारे १.६ टीएमसी, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून तीन-चार पट करा, तरी सहाच्या आसपास. अख्ख्या देशासाठी. एकट्या कोयनेत १०५ टीएमसी मावतं. अर्थात प्लांट नेमका दुष्काळी तालुक्यात टाकलात तर तिथल्या लोकांना हा देशाचा हिशोब सांगून उपयोग नाही, म्हणून किनाराच बरा. विजेचं मात्र बघा, तेवढ्याच हायड्रोजनला साधारण २६० अब्ज युनिट लागतात, आणि २०२३-२४ मध्ये देशात एकूण वीज बनली साधारण १,७०० अब्ज युनिट. म्हणजे सातवा हिस्सा, आणि तोही सौर-पवनच हवा, नाहीतर कोळसा जाळून हायड्रोजन बनवण्यात काय अर्थ.

मग हा हायड्रोजन गाडीत घालायचा का? गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराई या हायड्रोजनवरच्या कारमधून संसदेत गेले होते, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात गाडीच बसलीय. मिराई ५.६ किलो हायड्रोजनमध्ये साधारण ६५० किलोमीटर जाते, म्हणजे किलोला ११५. तो किलो बनवायला गेले ५२ युनिट. तेच ५२ युनिट सरळ इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत भरा, तीनशे किलोमीटर आरामात. छोट्या गाड्यांसाठी हा सौदा मला तरी पटत नाही.

पटतो तो खतासाठी. अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे, तिथे युरियासाठी अमोनिया बनतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन लागतो, तो आज नैसर्गिक वायूतून काढतात. या पद्धतीत एका किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. माहुलच्या रिफायनऱ्यांनाही हायड्रोजन लागतोच. ही गिऱ्हाइकं आत्ता, याच घडीला हायड्रोजन वापरतायत, त्यांना नवीन गाडी विकायची नाही की पंप उभारायचे नाहीत, आणि समुद्र त्यांच्या दारातच आहे. फक्त युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, जो आज त्याच गॅसमधून मिळतो, तो मग दुसरीकडून आणावा लागेल, ही एक मेख आहेच.