गुरिएला: एका नावामागचे स्वर्ग

ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत म्हटलं की आपल्याकडे आधी हणजूणचा किनारा आठवतो. गुरिएला हा डच ट्रान्स प्रकल्प त्या घराण्यातला नाही. गोव्यातली सायकेडेलिक शाखा वेगळी आणि फ्रँकफर्टमार्गे नेदरलँड्समध्ये रुजलेली सुरेल शाखा वेगळी. नव्वदच्या दशकाअखेर या डच शाखेने लांबलचक, भरून येणारी सुरावट पुढे आणली. मधे ताल पूर्ण थांबवायचा, सुरावट एकटी सोडायची आणि मग ठेका परत आणायचा, ही तिची रीत.

१९९९ साली रॉटरडॅमचा फेरी कोर्स्टन आणि ब्रेडाचा टिएस्टो असे दोन निर्माते गुरिएलासाठी एकत्र आले. रॉटरडॅमकराचं 'सिस्टिम एफ' या नावाखालचं 'आउट ऑफ द ब्लू' त्याच वर्षी ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. जोडीचं पहिलं गाणं, प्रकल्पाचंच नाव घेतलेलं 'गुरिएला', १५ वर थांबलं. पाठोपाठ 'वालहाला' २७ वर आणि २००० साली 'तेन्शी' ४५ वर. आकडे उतरते दिसतात, पण ट्रान्सच्या श्रोत्यांना विचाराल तर 'तेन्शी'चं नाव अनेकजण आधी घेतील. माझंही मत तेच.

खरा गुंता नावाचा. 'गुरिएला' म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या भाषेत 'स्वर्ग', असं पहिल्यापासून सांगितलं जातं आणि जो तो तेच पुढे सांगतो. पण आदिवासींची भाषा म्हणजे कुठली? इंग्रज तिथे वस्तीला आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेच्या वर भाषा होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींना कळतही नव्हत्या. 'भारतीय भाषेत स्वर्ग' म्हणण्यासारखंच हे. शिवाय ढगांवरचा, मेल्यानंतर मिळणारा स्वर्ग ही कल्पना त्या सगळ्या समाजांत तशीच असेल, हेही गृहीतच. याच दोघांनी 'विमाना' या दुसऱ्या नावाने काढलेल्या रेकॉर्डवर 'ड्रीमटाइम' नावाचा तुकडा आहे. हा शब्दसुद्धा मूळचा तिथला नव्हे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका भाषेतल्या संकल्पनेचं ते इंग्रजांनी केलेलं भाषांतर, आणि त्यावर अभ्यासकांची भांडणं आजही चालू आहेत. 'विमाना' मात्र सरळ आपलं विमान. दूरच्या संस्कृतींतले शब्द उचलायचे आणि त्यांवर ढग रंगवायचे, ही त्या काळातल्या युरोपी नृत्यसंगीताची खोडच होती. गुरिएला तिला अपवाद नव्हतं, इतकंच.

नंतरची नावं निदान पडताळून बघता येतात. 'वालहाला' हे उत्तरेकडच्या वीरांच्या स्वर्गाचं नाव, डच वळणाने लिहिलेलं. 'तेन्शी' म्हणजे जपानीत देवदूत. 'लिगाया' म्हणजे फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये आनंद.

'लिगाया' २००२ चं, आणि तोवर ब्रेडाचा जोडीदार बाहेर पडला होता. त्याला स्वतःच्या नावावर वाजवायचं होतं. दोन वर्षांनी अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात तो वाजवतही होता. रॉटरडॅमकराने नाव सोडलं नाही. सोबतीला घेतला तो ट्रान्सवाला नव्हे, डच पॉप गाण्यांचा एक संगीतकार. २०१३ मध्ये नव्या राजासाठी केलेल्या गाण्यावरून देशभर टीका झाली तो हाच. 'लिगाया' खरं गुरिएला मानायचं का, हा वाद तेव्हापासूनचा. नाकारणाऱ्यांचं म्हणणं, दोघांचं नाव एकाने का चालवावं. पण ऐकून बघा: चढत जाणारी सुरावट तीच आणि मधला थांबाही तोच. धागा कोणाच्या हातात होता ते तिथेच कळतं.

मग तेरा वर्षं शांतता. नृत्यसंगीताचे मोठे मंच दुसऱ्याच आवाजांकडे वळले. २०१५ मध्ये 'अन्बा' आलं, एकट्याचं, आणि जुने श्रोते परतले. २०१६ मध्ये 'नेबा' आणि 'वेनेरा' आली. 'नेबा' आकाशासाठीच्या स्लाव शब्दाशी जुळतं; तो शब्द आणि आपलं नभ एकाच कुळातले. २०१९ मध्ये आलं 'सुर्गा'. मलय आणि इंडोनेशियन भाषेत हा स्वर्गासाठीचा रोजचा शब्द, आणि तिथे तो संस्कृतातून गेलेला. वीस वर्षांपूर्वी जो अर्थ कुठल्या भाषेतला हे सांगता येत नव्हतं, तोच अर्थ इथे पत्त्यासकट मिळतो.