अदवा ते शाशमाने: काळ्या जगाला इथिओपिया आपला का वाटला?

घाना, गिनी, माली, सेनेगल, कॅमेरून. या देशांचे झेंडे शेजारी ठेवले की हिरवा, पिवळा आणि लाल हे तीन रंग पुन्हा पुन्हा दिसतात. रंग मूळचे इथिओपियाचे. 1957 साली स्वतंत्र झालेल्या घानाने ते उचलले आणि मग एकेक नवा देश ते घेत गेला. घानापासून इथिओपिया चार हजार किलोमीटरवर. भाषा वेगळी, लिपी वेगळी. तरी स्वातंत्र्याचा झेंडा ठरवताना तोच देश का आठवला?

सुरुवात एका नावापासून होते. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात 'कूश' देशाला इथिओपिया म्हटलं होतं आणि 68व्या स्तोत्रात हा इथिओपिया लवकरच देवाकडे हात पसरेल, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर विकल्या गेलेल्या माणसांजवळ गाव, कूळ, भाषा यांतलं काहीच राहू दिलेलं नव्हतं. मालकाच्याच धर्मग्रंथात त्यांना आपल्या रंगाच्या माणसांचा देश सापडला. हा आधार केवढा मोठा असेल! 1808 साली न्यू यॉर्कमध्ये चर्चमधल्या वेगळ्या बैठकीला विरोध करून काळे भाविक बाहेर पडले. त्यांच्या नव्या चर्चचं नाव ॲबिसिनियन बाप्टिस्ट चर्च. ॲबिसिनिया म्हणजे इथिओपियाच. आपल्याकडचा 'हबशी' शब्दही त्याच मुळातला.

या नावामागे खराखुरा देश उभा आहे, हे जगाला कळलं ते अदवाच्या लढाईने. भांडणाचं मूळ कागदात होतं. 1889च्या वुचाले तहाच्या 17व्या कलमात, अम्हारी प्रतीनुसार सम्राट मेनेलिक हवं तर इटलीमार्फत परराष्ट्र व्यवहार करू शकत होते. इटालियन प्रतीत ते इटलीमार्फतच करायचे होते. एवढ्या फरकावर इटलीने देश आपल्या संरक्षणाखाली असल्याचं जाहीर करून टाकलं. मेनेलिक यांनी 1893 साली तह झुगारला. 1896च्या जानेवारीत मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन शिबंदी होती. सम्राज्ञी तायतू यांनी किल्ल्याला पाणी पुरवणारे झरेच ताब्यात घेतले आणि तहानलेल्या शिबंदीला किल्ला सोडावा लागला. पुढे 1 मार्चला अदवाच्या डोंगरांत जनरल बाराटिएरी यांच्या सुमारे 17 हजारांच्या फौजेसमोर लाखाच्या आसपास इथिओपियन सैन्य होतं. रात्रीच्या वाटचालीत इटालियन तुकड्या एकमेकींपासून तुटल्या आणि एकेक करून कापल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये इटलीने इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. बर्लिनच्या परिषदेत युरोपने आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, त्याला जेमतेम 11 वर्षं झाली होती.

1900 साली लंडनला पहिली पॅन-आफ्रिकन परिषद, म्हणजे जगभरातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांची परिषद, भरली. तिथे हैतीचे बेनितो सिल्व्हें मेनेलिक यांच्या वतीने हजर होते. 1920 साली काळ्यांचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेने इथिओपियाला पूर्वजांची भूमी म्हणणारं गीत आपलं राष्ट्रगीत ठरवलं. 1930 साली रास तफारी यांचा हैले सेलासी या नावाने राज्याभिषेक झाला, तेव्हा जमैकातल्या गरीब वस्त्यांतल्या काहींनी त्यांना थेट देवाचा अवतार मानलं. 'रास' ही सरदारकीची पदवी. त्यांना मानणाऱ्या पंथाचं रास्ताफारी हे नाव त्यावरूनच आलं.

1935च्या ऑक्टोबरमध्ये इटलीच्या मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला. पुढे घानाचे नेते झालेले क्वामे एन्क्रुमा तेव्हा विद्यार्थी होते आणि अमेरिकेला जाताना लंडनमध्ये थांबले होते. रस्त्यावर वर्तमानपत्राच्या फलकावर त्यांनी बातमी वाचली. सगळ्या लंडनने जणू आपल्याविरुद्धच युद्ध पुकारलंय असं त्या क्षणी वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. आपण कधीही न पाहिलेल्या देशासाठी! शिकागोचे वैमानिक जॉन रॉबिन्सन तर तिकडे जाऊन इथिओपियाचं छोटंसं हवाई दल सांभाळू लागले. इटलीने विमानांतून विषारी वायू टाकला, राष्ट्रसंघ बघत राहिला. 1941 साली इटालियनांना हाकलणाऱ्या मोहिमेत एरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर भारतीय फौजा लढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही होते. आपल्याकडे ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. याच भूमीतून शतकानुशतकं माणसं विकली गेली. 1548च्या सुमारास तिथे जन्मलेला एक मुलगा येमेनचं मोखा बंदर, बगदाद करत अहमदनगरच्या निजामशाहीत आला आणि मलिक अंबर म्हणून दख्खनच्या इतिहासात ठाण मांडून बसला. खुद्द इथिओपियात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1942 साली. समुद्रापलीकडच्या काळ्या माणसांनी मनात जपलेला इथिओपिया आणि नकाशावरचा इथिओपिया यांत हे अंतर कायम राहिलं. त्यांची ओढ मात्र खोटी नव्हती.

युद्धात साथ दिली म्हणून हैले सेलासी यांनी 1948 साली इथिओपियातल्याच शाशमाने इथे सुमारे 200 हेक्टर जमीन परदेशातल्या काळ्या समर्थकांना दिली आणि जमैकातून कुटुंबं येऊन राहिली. 1974च्या क्रांतीत सम्राट गेले, पाठोपाठ बरीचशी जमीनही गेली. लोक तरी राहिले. त्यांची मुलं तिथेच जन्मली, अम्हारी बोलत वाढली, पण कागदोपत्री परकीच ठरली. इथिओपियाच्या सरकारने त्यांना ओळखपत्रं द्यायचं जाहीर केलं ते 2017 साली.