तोच विषाणू, वेगळा माणूस : एचएलए जनुकांची पार्श्वभूमी

घरात कुणाच्या मूत्रपिंडाच्या किंवा अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाची वेळ आली, की ‘एचएलए मॅचिंग’ हा शब्द कानावर पडतो. दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या प्रथिनांच्या खुणा जुळतात का, हे त्यात पाहतात. त्यामुळे या खुणा घडवणारी जनुकं प्रत्यारोपणाशीच संबंधित आहेत, असा समज पक्का झालाय. त्यांचा शोध त्या वाटेने लागला हे खरं; पण निसर्गात कुणी कुणाला मूत्रपिंड देत नाही. मग ती आहेत कशासाठी?

१९५८मध्ये पॅरिसच्या झाँ दोसे यांना दिसलं, की वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णांचा रक्तद्रव इतर काहींच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करतो. सगळ्यांच्या नाही, आणि रुग्णाच्या स्वतःच्या तर नाहीच. अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या रक्तातही अशीच प्रतिपिंडं, म्हणजे परक्या खुणांना चिकटणारी प्रथिनं, सापडली. गर्भाला वडिलांकडून मिळालेल्या खुणांविरुद्ध ती तयार झाली होती. या खुणा म्हणजेच एचएलए.

त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत बारुख बेनासेराफ गिनिपिगांना प्रथिनासारखा एक साधा कृत्रिम रेणू टोचत होते. काही गिनिपिगांचं शरीर जोरात प्रतिसाद देई, काहींचं ढिम्म. हा गुण पिल्लांमध्येही उतरत होता. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे आहे. प्रतिकारशक्ती ‘कमी’ किंवा ‘जास्त’ असते, असं आपण अजूनही सरसकट म्हणतो. हे गिनिपिग दुबळे नव्हते, त्यांना तो एकच रेणू दिसत नव्हता.

का दिसत नव्हता, याचा धागा १९७४मध्ये कॅनबेरात हाती लागला. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागल यांनी उंदरांना विषाणूची बाधा करून त्यांच्या मारक टी-पेशी, म्हणजे बाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, तपासल्या. या पेशी स्वतःच्या वाणातल्या बाधित पेशी मारत. विषाणू तोच असला तरी परक्या वाणातल्या पेशींना हात लावत नसत. टी-पेशीला नुसता विषाणू ओळखता येत नाही, त्याचा तुकडा बाधित पेशीने आपल्या प्रथिनाने (माणसात एचएलएने) धरून दाखवावा लागतो. १९८७मध्ये एचएलए प्रथिनाची रचना उलगडली तेव्हा विषाणूचा तुकडा धरणारी खाचच दिसली. माणसामाणसांतला फरक मुख्यतः या खाचेतच आहे. कुणाची खाच कोणता तुकडा धरेल, त्यावर टी-पेशी कशावर तुटून पडतील हे ठरतं.

एचएलए-बी ५७ हा एचएलएचा प्रकार असलेल्या काहींचं शरीर एचआयव्हीला औषधाविना वर्षानुवर्षं आवरून धरतं. त्याच प्रकारातल्या ५७:०१ या उपप्रकारामुळे मात्र अबाकाविर हे एचआयव्हीचंच औषध जिवावर बेतू शकतं, म्हणून ते देण्याआधी जनुकीय चाचणी करतात.

पुढे लक्ष एचएलएपलीकडच्या जनुकांकडे वळलं. २०१४मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ४३२ युरोपीय लोकांच्या मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी तपासल्या. जनुकीय फरकांचे कितीतरी परिणाम पेशी शांत असताना दिसतच नव्हते. जिवाणूचा अंश किंवा इंटरफेरॉन हे शरीराचं धोक्याचा इशारा देणारं प्रथिन मिळाल्यावरच ते उघडे पडले.

असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले, आणि हे मला फार खटकतं. जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड आणि भारत या पाच देशांतल्या लोकांच्या एकेका प्रतिकारपेशीची नोंद करणारा आशियाई नकाशा आता तयार झालाय. त्यात ६१९ जणांचं रक्त आहे. भारतातल्या शेकडो जातीजमाती पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच लग्नं करत आल्यात. त्यांच्यातले फरक टिपायला एवढं पुरणार नाही.