इटालियन खाद्यनामे : अर्थ आणि घोटाळे

इटालियन पदार्थांची नावे जगभर गेली, पण जाताना कुणाचा अर्थ वाटेत सांडला, कुणाचा उच्चार, तर कुणाचे वचन. 'पनिनी' हे खरे तर 'पनिनो'चे अनेकवचन आहे. एकच सँडविच हवे असले तरी इटलीबाहेर सगळे 'एक पनिनी' मागतात.

सर्वांत प्रसिद्ध घोटाळा पेपरोनीचा. इटालियनमध्ये 'पेपेरोने' म्हणजे ढोबळी मिरची आणि 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळ्या मिरच्या. अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या इटालियन वस्त्यांमध्ये हे नाव तिखट, लालसर सलामीला, म्हणजे सुकवलेल्या मांसाच्या सॉसेजला, चिकटले. त्यामुळे रोममध्ये पेपरोनी पिझ्झा मागणाऱ्यासमोर मिरच्यांच्या फोडी घातलेला पिझ्झा येतो. सलामीचा हवा असेल तर 'दियाव्होला', म्हणजे 'सैतानी', मागावा लागतो. शाकाहारी मराठी पर्यटकाच्या हे पथ्यावरच पडते. पंचाईत होते ती हा शब्द रोममध्ये शिकून न्यूयॉर्कला गेल्यावर. 'लात्ते'चेही तसेच. त्याचा अर्थ नुसते दूध, आणि इटलीत तेवढेच म्हटले तर पेलाभर दूधच मिळते. कॉफी हवी तर 'काफे लात्ते' म्हणायचे.

उच्चारात खरी मेख जोडाक्षरांची आहे. 'पेन्ना' म्हणजे पीस आणि पिसाची लेखणी. लेखणीच्या टोकासारखी तिरकी कापलेली पास्त्याची नळी म्हणून 'पेन्ने'. यातला एक 'न' गाळला की उरतो तो पुरुषाच्या लिंगाचा वाचक शब्द, आणि वाढप्याला हसू आवरत नाही. मका आणि मक्का यांतला फरक कळणाऱ्या मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. 'ब्रुशेटा' ही आपल्याकडची मेनूकार्डावरची चूक मात्र इंग्रजी वळणाने वाचल्यामुळे होते. मूळ उच्चार 'ब्रुस्केत्ता'.

'आंतिपास्तो'चा पास्त्याशी काही संबंध नाही, विरोधाचा तर नाहीच. 'पास्तो' म्हणजे जेवण. त्याच्या आधी खायचे ते आंतिपास्तो.

काही नावे मुळातच गमतीची आहेत. 'लिंग्विने' म्हणजे छोट्या जिभा. 'स्त्रोत्साप्रेती' म्हणजे पाद्र्यांचा गळा घोटणारा पास्ता. हावरट पाद्री तो बकाबका खाताना गुदमरत, असे गमतीने सांगतात. पुलिया प्रांतातला, अंगठ्याने दाबून केलेला 'ओरेक्किएत्ते' म्हणजे छोटे कान. आकारावरून नाव ठेवायची ही रीत आपल्याला परकी नाही. रुखवतात मांडायचे गव्हाच्या दाण्यासारखे गव्हले आणि नखाच्या आकाराच्या नखुल्या त्याच घराण्यातल्या. 'व्हेर्मिचेल्ली'चा शब्दशः अर्थ छोटे किडे. आपल्याकडे शेवयांच्या पुड्यावर 'व्हर्मिसेली' छापलेले असते, ते वाचून खीर कुणी टाकून देत नाही.

'चाबात्ता' हा चपटा पाव 1982 मध्ये इटलीतल्या आद्रिया या गावी आर्नाल्दो काव्हाल्लारी यांनी तयार केला. नाव जुनेच, अर्थ घरात घालायची सपाता.

'त्सुप्पा इंग्लेझे' म्हणजे 'इंग्रजी सूप'. प्रत्यक्षात हे लाल मद्यात भिजवलेला केक आणि कस्टर्ड यांचे थर दिलेले गोड पक्वान्न आहे. एमिलिया-रोमान्या प्रांतात ते जेवणाच्या शेवटी येते. सूप समजून आधीच मागवणाऱ्याला एवढाच दिलासा, की खायचे तेही चमच्यानेच.