जुन्या टीव्हीतला ‘लाल पारा’ आणि साडेतीन लाख ठिपके

जुन्या टीव्हीत ‘लाल पारा’ असतो आणि त्याचे लाखो रुपये मिळतात, ही अफवा काही वर्षांपूर्वी मोबाइलवर जोरात फिरली. माळ्यावर जुना टीव्ही असेल तर कृपा करून फोडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. काच फुटली की तुकडे आत खेचले जाऊन उलट अंगावर उडतात. पारा तर तिच्यात थेंबभरही नाही. मानेजवळ आरशासारखी चकाकी दिसते ती बेरियमची, आत उरलेला वायू शोषून घेण्यासाठी. लाखमोलाचा लाल पारा हा पदार्थच जगात नाही.

पारा होता तो ट्यूब बनवणाऱ्या कारखान्यातल्या दिव्यात. त्या दिव्याचं काम मात्र खरंच ऐकण्यासारखं आहे.

रंगीत ट्यूबच्या काचेवर आतून, इलेक्ट्रॉन आदळले की लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या भुकट्यांचे ठिपके असतात आणि मागे इलेक्ट्रॉनचे झोत सोडणाऱ्या तीन ‘गन’. हे झोत चुंबकीय क्षेत्राने वळवून पडदाभर फिरवतात. प्रत्येक गनचा झोत आपापल्याच ठिपक्यावर पडावा म्हणून काचेच्या मागे छिद्रांचा पातळ पत्रा बसवतात, शॅडो मास्क. दाराच्या फटीला डोळा लावून डोकं जरा सरकवलं की आतली वेगळी वस्तू दिसते, तसंच हे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने 1950 साली दाखवलेल्या ट्यूबमध्ये 1,17,000 छिद्रं होती, प्रत्येकामागे तीन रंगांचे तीन, म्हणजे 3,51,000 ठिपके. ते सपाट काचेवर छापलेले होते. बाकदार काचेवर अशी छपाई जमेना.

1953 मध्ये सीबीएस-हायट्रॉन या कंपनीने वेगळी वाट काढली: फोटोच्या निगेटिव्हसारखा मास्कच वापरायचा. हिरवी भुकटी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पातळ खळीत कालवायची, त्यात जरासं डायक्रोमेट, म्हणजे खळीला प्रकाशाने घट्ट व्हायला लावणारं रसायन. हे मिश्रण काचेवर ओतून काच गरागरा फिरवायची, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. वाळल्यावर मास्क लावायचा आणि हिरव्या गनचा झोत जिथून वळल्यासारखा भासणार, नेमका तिथे पाऱ्याचा दिवा ठेवायचा. छिद्रांतून अतिनील किरण पडतील तिथली खळ घट्ट होते. मास्क काढून पाण्याने धुतलं की उरतात फक्त हिरवे ठिपके. मग दिवा किंचित सरकवून निळे, मग लाल.

छिद्र वाकडं असलं तर ठिपकाही तितकाच वाकडा, त्यामुळे जुळणी अचूक. पण मग त्या मास्कची आणि त्या काचेची जोडी कायमची. शेजारच्या काचेवर तो मास्क लावला की रंग बिघडलेच.

यात एक पेच आहे. प्रकाश सरळ जातो, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात हळूहळू वळतात. झोत जितका जास्त वळेल, तितका तो भासमान वळणबिंदू पडद्याकडे सरकतो. म्हणून दिव्यापुढे खास घडवलेलं भिंग ठेवत. ते प्रकाशालाही इलेक्ट्रॉनच्या वाटेने नेई.

शेवटी ठिपक्यांवर लाखेसारखा गुळगुळीत थर, त्यावर निर्वातात अ‍ॅल्युमिनियमची वाफ. भट्टीत खालचा थर जळून जातो आणि मायक्रोमीटरहून पातळ आरसा उरतो. वीस-पंचवीस हजार व्होल्टनी धावणारे इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात, मागे जाणारा प्रकाश मात्र परत आपल्याकडे फिरतो.

लहानपणी मी स्पीकरचं चुंबक पडद्याला लावलं होतं. जांभळा-हिरवा डाग पडला आणि चुंबक काढल्यावरही तसाच राहिला. पोलादी मास्कमध्ये चुंबकत्व आलं होतं, इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिपक्यांवर पडत होते. टीव्ही लावताना ‘ढुम्म’ असा आवाज यायचा ना? पडद्याभोवतीची कॉइल तेच चुंबकत्व पुसायची. माझा डाग जायला मात्र चार-पाच ‘ढुम्म’ लागले.