तपकिरी टूर्मलीन ओळखताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तपकिरी स्फटिक हातात घेतला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'हे ड्रॅवाइटच ना?' ड्रॅवाइट म्हणजे टूर्मलीन या खनिजाचा मॅग्नेशियमयुक्त, बहुधा तपकिरी प्रकार. नुसत्या रंगावरून आम्ही 'हो' म्हणत नाही. स्टॉरोलाइट, धुरकट क्वार्ट्‌झ, व्हेसुव्हिअनाइट, गार्नेट ही इतर खनिजंही तपकिरी असू शकतात.

आधी आकार बघा. टूर्मलीनचा स्फटिक टोकाकडून पाहिला की त्याचा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा दिसतो. एवढी एक खूण पटली तरी अर्धं काम झालं. अंगावर लांबीच्या दिशेने बारीक उभ्या रेषा असतात. क्वार्ट्‌झवर त्या आडव्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या यिनीथाराचे, अभ्रकी शिस्टमध्ये (अभ्रकाच्या पातळ थरांच्या खडकात) वाढलेले स्फटिक मात्र आखूड आणि जाडजूड असतात, तिथे घाई करू नका.

मग तो उजेडासमोर फिरवा. आडवा धरल्यावर कडेने मधासारखा उजळ दिसणारा स्फटिक लांबीच्या दिशेने पाहिल्यावर गडद, कधी जवळजवळ काळा दिसतो. गार्नेटमध्ये असा फरक पडत नाही. अगदी अपारदर्शक नमुन्यावर ही युक्ती चालत नाही.

कठिनता ७ ते ७.५, म्हणजे चाकूने ओरखडा उठत नाही. पण स्टॉरोलाइटही तितकंच कठीण असतं, तेव्हा यावर विसंबू नका आणि कृपा करून चांगल्या स्फटिकाच्या टोकावर चाकू चालवू नका. त्यापेक्षा वजन करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. नमुना कोरडा तोला, समजा ३० ग्रॅम भरला. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला नमुना पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा ९.८ दाखवत असेल, तर ३० भागिले ९.८, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) सुमारे ३.०६. ड्रॅवाइट ३.० ते ३.२ च्या दरम्यान येतं, क्वार्ट्‌झ २.६५, स्टॉरोलाइट ३.७ च्या आसपास. नमुन्याला मूळ खडक चिकटलेला असेल तर हा हिशेब चुकतो.

दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळीत मिळालेला तपकिरी स्फटिक बरेच जण आशेने घेऊन येतात. तो बहुधा स्टिल्बाइट या मऊसर खनिजाचा निघतो : मोत्यासारखी चमक, आणि चाकूने सहज ओरखडा.

ड्रॅवाइट हे नाव द्रावा नदीवरून आलं. व्हिएन्नाचे प्राध्यापक गुस्टाव चेर्माक यांनी १८८४ साली, आज स्लोव्हेनियात असलेल्या दोब्रोवा गावच्या मॅग्नेशियमयुक्त टूर्मलीनला ते दिलं. म्हणजे नाव ठरतं ते रासायनिक घटकांवरून. युव्हाइट हा टूर्मलीनचा दुसरा प्रकारही तपकिरी असू शकतो, त्यातही मॅग्नेशियम असतं, आणि भिंगाने दोन्ही वेगळी सांगता येत नाहीत. म्हणूनच रासायनिक तपासणी झालेली नसेल, तर आमच्या चिठ्ठीवर फक्त 'तपकिरी टूर्मलीन' आणि मिळाल्याचं ठिकाण लिहिलेलं असतं.